बदली महासत्ता

टिपणीस साहेबांनी माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरली, चेहरा जरासा वर उचलला आणि दिवेवाल्याला विचारलं, "आता 'ड'च्या डोळ्यांवर उजेड येतोय का?" दिवेवाला वरून म्हणाला, येतोय. "मग असेच बसा," साहेब मला म्हणाले. "आणि हसू नका. महासत्ता बसल्या बसल्या हसत नाहीत. फोटोच्या वेळी हसतात, ते मी सांगेन."

मी 'ड' होतो. आमच्या देवखोलच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळपठारावर, समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या नव्या हॉटेलात जगातल्या पाच बड्या राष्ट्रांची शिखर परिषद भरणार होती. खरे पाच जण यायच्या आधी त्यांच्या खुर्च्या, दिवे, मायक्रोफोन, चालायच्या वाटा असं सगळं कुणाला तरी बसवून, चालवून बघावं लागतं. दिल्लीहून जिल्हा कचेरीला निरोप आला की जड कपडे घालून न कंटाळता बसू शकतील अशी पाच स्थानिक माणसं पाठवा. आता जड कपड्यांत कंटाळत नाही असा माणूस जिल्ह्यात कोण? दशावतारी. मुकुट, भुजबंद, शालू असा सगळा जामानिमा अंगावर चढवून देवळापुढे नाटक करणारे आम्ही लोक. कचेरीनं फार डोकं खाजवलं नाही, आमची कंपनीच पाठवून दिली.

देशांची नावं घ्यायची नाहीत असा सुरक्षेवाल्यांचा दंडक होता, म्हणून अ, ब, क, ड, ई. कंपनीचे मालक भिवा धुरी, आमचे भिवादाजी, नाटकात राजा व्हायचे. ते झाले 'अ'. राक्षसाचं काम करणारा मुकुंद गावडे 'ब'. नारद करणारा बाबल 'क'. पाचांतली एक महासत्ता बाई होती, आणि मी जन्मभर राण्या केलेल्या. धंद्यानं मी शिंपी. बायकांची पोलकी शिवायची आणि नाटक असलं की तसलीच स्वतः घालायची. 'ड'साठी दुसरं कोण मिळणार होतं? 'ई' झाला आमचा मृदंगवाला विनू. तो बसल्या जागी झोपायचा. टिपणीस साहेबांना आम्हा सगळ्यांत तोच जास्त पसंत पडला.

टिपणीस साहेब मूळचे अलिबागकडचे, पण हयात दिल्लीच्या कचेऱ्यांत गेलेली. माणूस सभ्य होता. त्यांना झोप कशी लागत असेल हे मात्र मला कधी कळलं नाही. 'ब' उंचीला कमी, म्हणून त्याच्या खुर्चीत जाड गादी. 'अ'ला ते कळलं, म्हणून त्यालाही गादी. मग टेबल ठेंगणं पडलं, म्हणून टेबलाला पाय जोडले. आत कुणी आधी शिरायचं यावर पाच राजधान्यांमध्ये सहा महिने पत्रापत्री झाली होती. शेवटी नव्या कोऱ्या हॉटेलाच्या भिंती फोडून एका दालनाला पाच दारं पाडली. पाचही जणांनी एकाच क्षणी आत पाऊल टाकायचं. 'ई'चं दार हॉटेलच्या धोबीखान्यात उघडत होतं, पण त्याच्या देशानं नकाशावर फक्त दार आहे ना एवढंच पाहिलं होतं. आमच्याकडे लग्नात व्याही रुसतो तेव्हा त्याला निदान जेवायला तरी घालून गप्प बसवता येतं.

भिवादाजी या सगळ्याला का तयार झाले, ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा हेमंत मालवाहू बोटीवर होता. 'अ' आणि 'ब' यांचं जकातीवरून वाजलं, आणि 'अ'नं 'ब'च्या बोटी आपल्या बंदरात धरून ठेवल्या. मग 'ब'नं 'अ'चा माल असलेल्या बोटी धरल्या. हेमंतची बोट धड ह्यांची नव्हती, धड त्यांची नव्हती. तिच्या पोटात 'अ'चा माल होता एवढाच तिचा गुन्हा. पावसाळ्याच्या आधी ती 'ब'च्या बंदराबाहेर नांगरली ती तिथेच होती. खलाशांना उतरू देत नव्हते. पाणी मोजून मिळायचं. आठ-पंधरा दिवसांनी फोन यायचा आणि हेमंत "बरो आसंय" एवढंच म्हणायचा. फोन ठेवला की दाजींची बायको, आमची मामी, देवासमोर जाऊन बसायची.

टिपणीस साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की परिषद संपली की बदली माणसांना रांगेत उभं करतील आणि खरे पाच जण एकेकाशी हात मिळवतील. तशी पद्धत आहे म्हणाले. तेवढ्यासाठी दाजी आले होते. भांडण 'अ'नं सुरू केलेलं, म्हणून 'अ'चा हात हातात आला की एक वाक्य बोलायचं, बस. हायस्कूलच्या मास्तरांकडून त्यांनी ते इंग्रजीत करून घेतलं होतं. 'सर, माय सन इज ऑन दॅट शिप. प्लीज सेंड हिम होम.' उभ्या जन्मात ज्या माणसानं एक संवाद पाठ केला नाही, तो माणूस माडाखाली उभा राहून हे वाक्य घोकत असायचा. मला ते ऐकवत नसे. मी मशीन जोरात चालवायचो.

पाठांतर नसतं म्हणजे काय, तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं आणि तालीमही नसते. तोंडाला रंग लावता लावता मालक गोष्ट सांगतात, कोण कुणावर चालून येणार, कोण मरणार. बाकीचं ज्यानं त्यानं तिथल्या तिथे बोलायचं. समोरच्यानं प्रश्न टाकला की उत्तर द्यायचंच. सोबतचा अडखळला तर दुसऱ्यानं सावरून घ्यायचं. गप्प राहिलास तर पुढच्या जत्रेला तुला कुणी बोलावत नाही.

पहिले दोन दिवस आम्ही खुर्च्यांत नुसते बसलो. चहाच्या वेळी दाजींनी साहेबांना विचारलं, हे पाच जण भेटून ठरवणार तरी काय. साहेबांनी चहा फुंकला. म्हणाले, ठरवत काही नाहीत. निवेदन महिन्याआधी तयार होतं. पाचांनाही ज्यावर आक्षेप नाही अशीच वाक्यं त्यात राहतात, म्हणून ते नेहमी छोटं असतं.

"मगे भेटतत कित्याक?" दाजींनी विचारलं.

"नाही भेटले तर भांडण झालं असं वाटतं ना," साहेब म्हणाले. त्यांना यात विनोद काही वाटला नाही. बोटींचा विषय कार्यक्रमात आहे, एवढंही त्यांनी सांगितलं. चहापानाच्या आधी, वेळ उरला तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोठी चाचणी होती. आवाजाची यंत्रं आली होती. काचेच्या खोल्यांमध्ये दुभाषे बसले होते आणि पाचही देशांचे आगाऊ आलेले अधिकारी कानाला यंत्रं लावून भिंतीकडेला बसले होते. दुभाष्यांमध्ये पुण्याची एक मुलगी होती. ती आमचं मराठी इंग्रजीत करणार आणि बाकीचे तिच्यावरून आपापल्या भाषेत नेणार, अशी योजना होती. पाच दारांतून आम्ही एकदम आत शिरलो. विनूच्या खांद्यावर धोबीखान्यातला टॉवेल तसाच आला होता. आम्ही बसलो आणि टिपणीस साहेब म्हणाले, "आता बोला. मायक्रोफोन तपासायचेत. काहीही बोला, फक्त थांबू नका."

दशावतारी माणसाला 'काहीही बोला, थांबू नका' असं कुणी सांगू नये.

दाजी उठले. साहेब "बसून, बसून" म्हणत होते, पण राजा बसून कसा बोलणार? दाजींनी गादीवर हात टेकून मान अशी फिरवली की मला अंगावर नसलेला मुकुट दिसला. खणखणीत आवाजात त्यांनी आधी आपल्या राज्याचा पराक्रम सांगितला, मग 'ब'कडे बोट केलं. "हे मदांध भूपाला, तुझ्या बंदराबाहेर परमुलखातली गरिबांची पोरं तू अडकवून ठेवली आहेस. त्यांनी तुझं काय वाकडं केलं, ते या सभेत सांग."

आता प्रश्न टाकला गेला होता. गावडे खुर्चीतून उठला तशी जाड गादी खाली पडली. तो असा गडगडला, की आवाजाच्या यंत्रावरचा तांबडा दिवा पेटला तो विझेचना. म्हणाला, जकात तू वाढवलीस, बोटी आधी तू धरल्यास. "आधी तुझ्या बंदरातल्या माझ्या बोटी सोड. मी आधी सोडल्या तर माझी प्रजा म्हणेल, राजा भ्याला."

"आणि मी आधी सोडल्या तर माझी प्रजा काय आरती ओवाळील?" दाजी म्हणाले.

बाबल नारद होताच. तो 'अ'कडे झुकून 'ब' काय म्हणतो ते सांगायला लागला आणि 'ब'कडे झुकून 'अ'चं. जे सगळ्यांनी ऐकलं होतं तेच. पण सांगताना थोडं थोडं वाढवत होता. भिंतीकडेला बसलेला 'क'चा खरा अधिकारी अस्वस्थ होऊन वहीत काहीतरी लिहू लागला. काचेतली पुण्याची पोरगी हातवारे करत बोलत होती, तिच्या कपाळावर घाम होता, आणि इतकी खुशीत असलेली बाई मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

राक्षसानं नकार द्यायचा, मग युद्ध, ही आमची रीत. गावडेनं टेबलावर हात आपटून सांगितलं, "नाही सोडणार. सडोत तिथेच." इथे दाजींनी तलवार काढायची. दाजींचा हात कमरेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. राजाची भाषा कुठे गेली कोण जाणे. हळू आवाजात ते म्हणाले, "मुकुंदा, हेमू आसा रे त्या बोटीर."

गावडेनं हेमूला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रेला नेलेलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. उत्तर येईना. मोठमोठ्या राजांना आडवं करणारा आमचा राक्षस मायक्रोफोनसमोर डोळे पुसत उभा होता, आणि दालनात सगळे त्याच्याकडे बघत होते. नाटक बुडत होतं.

आमच्याकडे दोन राजे अडले की राणी मध्ये पडते. मी पदर सावरायला हात नेला, पदर नव्हता, तरी उठलो. म्हटलं, "राजेहो, कोण आधी आत येणार यावर तुमचं भांडण झालं, तेव्हा तुम्ही भिंत फोडून पाच दारं केलीत. मग बोटींना कसली आलीय आडकाठी? दोघांनी एकच दिवस ठरवा, एकच घटका ठरवा, आणि एकदम सोडा. कुणी आधी नाही, कुणी मागून नाही. प्रजेला सांगा, समोरचा भ्याला."

गावडेला तेवढाच हात हवा होता. "दिलं वचन," तो म्हणाला. "दिलं," दाजी म्हणाले. बाबलला भांडण मिटल्याचं दुःख झालं असावं, पण त्यानंही वचन दिलं. विनू गलक्यानं जागा झाला आणि समोर सगळे हात वर करून आहेत असं बघून त्यानंही हात वर केला. पाच महासत्तांचं एकमत झालं होतं. वरून दिवेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग एक गोष्ट झाली, जी मी अजून विसरलेलो नाही. 'अ'ची एक उंच बाई आणि 'ब'चा एक टकला गृहस्थ, दोघांनी कानांतली यंत्रं काढली आणि एकमेकांकडे पाहिलं. तीन दिवसांत ते पहिल्यांदा पाहत होते. उठून दोघं खिडकीशी गेले आणि बोलायला लागले. बराच वेळ बोलले. टकला एकदा हसलासुद्धा. दाजींनी माझं मनगट धरलं होतं, मला कळ लागत होती, पण मी हात काढला नाही. मला वाटलं, झालं. पोरगा घरी आला.

दोघं परत आले ते टिपणीस साहेबांकडे. साहेबांचा चेहरा बघता बघता पडला. नंतर आमच्यापाशी येऊन त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी प्रामाणिकपणे. तोडगा दोघांनाही चांगला वाटला होता. पण तो कुणाचा म्हणून मांडायचा? 'अ'चा म्हणून मांडला तर 'ब'ला तो नाकारावा लागेल. 'ब'चा म्हणून मांडला तर 'अ'ला. आपल्या देशानं मांडला तर यजमान आम्हाला अक्कल शिकवतो म्हणून दोघं उठून जातील. ज्याला मालक नाही असा प्रस्ताव टेबलावर येऊ शकत नाही.

"आमचो म्हणान मांडा," दाजी म्हणाले. "भिवा धुरीचो म्हणा."

"दाजी, तुम्ही बदली आहात," टिपणीस साहेब म्हणाले. त्यांनी ते वाईट वाटून म्हटलं, हे मी कबूल करीन.

दुपारी दुसरा निरोप आला. बदली महासत्तांनी अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतला, अशी लेखी तक्रार पाचही देशांनी केली होती. साहेब म्हणाले, या परिषदेत पाचांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. आमच्या जागी जिल्हा पोलिसांतले पाच शिपाई बसणार होते. दाजींनी विचारलं, खुर्ची नको, पण शेवटच्या रांगेत तेवढं उभं राहू द्याल का? हात मिळवण्यापुरतं. साहेबांनी मान हलवली. रांगेतही आता शिपाईच असणार होते. दाजी तिथे पायरीवर खाली बसले. गावडे त्यांच्या शेजारी जाऊन बसला. मी चिडलो होतो. कुणावर चिडायचं ते कळेना, म्हणून वाटेत विनूवर चिडलो.

परिषदेच्या दिवशी सडा बंद, रस्ता बंद, होड्या बंद. आम्ही दाजींच्या घरी टीव्हीसमोर बसलो. शिपायांनी काम चोख केलेलं असणार, कारण खरे पाच जण हुबेहूब त्यांच्यासारखेच बसले होते, ताठ आणि गप्प, रजा कधी मिळेल असा चेहरा करून. पाच दारं एकदम उघडली. 'ई' आत आला तेव्हा त्याच्या मागे इस्त्री केलेल्या चादरींची चळत दिसली. मग 'अ' आणि 'ब' यांनी हात मिळवला. इतका वेळ मिळवला की मामी पुढे सरकली. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, हा हात केवळ हात नाही. चर्चा मोकळ्या आणि सकारात्मक वातावरणात झाल्याचं निवेदनात होतं. बोटींच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यात आलं होतं. ठोस निर्णय एकच झाला, तो म्हणजे पुढची परिषद कुठे भरवायची. त्या परिषदेच्या तयारीसाठी आधी एक छोटी परिषद घ्यायची, हेही ठरलं.

मामीनं विचारलं, "बोटीचा काय म्हणाले?"

"लक्ष आसा म्हणतत," दाजी म्हणाले आणि टीव्ही बंद केला. त्या वर्षी त्यांनी राजा केला नाही. गणपतीपुढे नारळ ठेवून कंपनी निघायची, दाजी मागे बसून पेटी वाजवायचे. राजा गावडे करायचा, आणि वाईट करायचा.

हेमंत पुढच्या पावसाळ्यानंतर आला. त्याला 'अ'नं सोडवलं नाही आणि 'ब'नं सोडलं नाही. बोटीची कंपनी बुडाली, बोट भंगारात गेली, आणि खलाशांना ठेवायला जागाच नव्हती म्हणून घरी धाडलं. पुढच्या शिखर परिषदेत 'अ' आणि 'ब' यांनी बोटींचा प्रश्न सुटल्याबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलं. ते मी पेपरात वाचलं आणि तोच पेपर कापड बेतायला घेतला.

तो आला त्या दिवशी आम्ही सगळे दाजींच्या पडवीत जमलो. पोरगा अर्धा झाला होता. मामी त्याच्या ताटातला भात संपू देत नव्हती. बोटीवरचं तो फारसं सांगत नव्हता, विचारलं तर 'होता काय ता' म्हणून टाळायचा. मग गावडेनं परिषदेचं नाव काढलं आणि तो एकदम बोलायला लागला.

परिषद त्यांनीही पाहिली होती. कप्तानाच्या खोलीत एक छोटा टीव्ही होता, त्यात कधी चित्र यायचं, कधी नुसता आवाज. सगळे खलाशी तिथे दाटीवाटीनं उभे होते. आमच्या सड्यावरचे माड दिसले तेव्हा यानं ओरडून सांगितलं की हे माझं गाव. आणि त्या दोघांनी हात मिळवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, दोघं तर रडले. आता काय, दोन-चार दिवसांत घरी. कप्तानानं कोठी उघडायला सांगितली. खूप दिवस जपून ठेवलेला रवा, तूप, साखर, होतं नव्हतं ते काढून आचाऱ्यानं शिरा केला. पोटभर खाल्ला म्हणाला. मग दुसऱ्या दिवसापासून वाट बघायला लागले. आणि चहा बिनसाखरेचा.

मामी भाताचं पातेलं हातात धरून उभी होती. हेमंत बापाकडे वळला.

"बाबा, तुमी थय खुर्चीत बसललात मा? खरा सांगा, आमका सोडूचा तेंनी ठरवलाच नव्हता काय?"

"ठरला होता," दाजी म्हणाले. "सगळ्यांनी हात वर करून ठरयला होता."

"मगे?"

दाजींनी आमच्याकडे पाहिलं. गावडेकडे, बाबलकडे, खांबाला टेकून पेंगणाऱ्या विनूकडे, माझ्याकडे.

"मगे खरे इले," ते म्हणाले.